चांद्याचे शेवटचे नऊ दिवस : गिधाडांविषयी एक प्रकरण अभ्यास

"सर, बैल मेला आहे. टेकडीवर नेऊन टाकतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

सकाळी सातला फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. बोलणारा मुलगा रामटेक तालुक्यातला, पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या बफरला लागून असलेल्या एका गावचा. नागपुरात कॉलेजला असताना आमच्या शेजारी खोली घेऊन राहायचा. पक्ष्यांचं वेड तिथूनच. मी पशुवैद्यक. सेमिनरी हिल्सच्या कॉलेजात शिकलो, विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी काढली, आता निवृत्त. गावात कुठलं जनावर आजारी पडलं की तो मला विचारतो. मेलेल्या जनावराबद्दल त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि त्यालाही माझ्याकडून उत्तर नको होतं, होकार हवा होता.

त्याच्या घाईला कारण होतं. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली. दहा पेंचला, दहा ताडोब्याला. इथल्या हवेची, इथल्या आवाजांची सवय व्हावी म्हणून काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवली, ती कुठं जातात ते कळावं म्हणून पाठीवर यंत्रं बसवली आणि मग आकाशात सोडली. या मुलासाठी ती गिधाडं म्हणजे गावात नांदायला आलेली मंडळी. मंडळी आली आहेत आणि घरात पानात वाढायला काही नाही, असं त्याला वाटत होतं. त्यात हा साडेतीनशे किलोचा बैल आयता मेला.

मी त्याला एकच विचारलं. बैल आजारी होता का? म्हणाला, "होता ना सर, चार-पाच दिवस." मग म्हटलं, मी येईस्तोवर कोणी हात लावू नका. कामठी, कन्हान, मनसर करत दोन तासांत पोचलो.

बैल

चांद्या गवळाऊ जातीचा, वय बारा-तेराच्या आसपास, पांढरा. नाव कपाळावरच्या करड्या ठिपक्यावरून पडलेलं. गोठ्यातच आडवा होता. पोट फुगलं होतं, पण नाकातोंडातून किंवा मागून रक्त नव्हतं. हे आधी पाहावं लागतं. ध्यानीमनी नसताना जनावर मेलं आणि शरीराच्या दारांतून काळसर, न गोठणारं रक्त येत असलं तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय घ्यायचा. अशा मढ्याला चिरायचं नाही, ओढायचंही नाही. तसं इथं दिसत नव्हतं. शिंगांवरचा पोळ्याचा हिंगूळ मात्र अजून ताजा होता. एका शिंगाला बेगडाची पट्टी चिकटून राहिली होती.

मालकाला इथं भाऊ म्हणू. त्याच्याकडून दिवसांचा हिशेब काढून घेतला, तो असा. पोळ्याच्या दिवशी बैल धडधाकट, तोरणाखाली उभा होता. तिसऱ्या दिवशी बांधावरून घसरला, पुढच्या उजव्या गुडघ्याला सूज. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून माणूस आला, त्यानं एक इंजेक्शन दिलं. कार्डावर मेलॉक्सिकॅम लिहिलेलं होतं. पाचवा दिवस वाट पाहण्यात गेला. सहाव्या दिवशी बैल पाय टेकेना, म्हणून गावोगाव सुई घेऊन फिरणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं त्या दिवशी आणि सातव्या दिवशी असं दोनदा टोचलं. आठव्या दिवशी बैल बसला. नवव्या दिवशी पहाटे गेला.

"त्यानं काय दिलं?"

"का मालूम जी. दुखाचं व्हतं. लहान लहान कुप्या व्हत्या, एक नाही, पाच फोडल्या एका खेपेले."

पाच. आकडा ऐकला आणि मी गव्हाणीमागचा कचरा उकरायला लागलो. शेणात तीन कुप्या सापडल्या, दोन धड, एक फुटकी. माणसांना देतात ते डायक्लोफेनॅक. तीन मिलिलिटरची कुपी, आत पंचाहत्तर मिलिग्रॅम औषध. साडेतीनशे किलोच्या बैलाला किलोमागे एक मिलिग्रॅम धरला तर साडेतीनशे मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पाच कुप्या. त्या सुईवाल्यानं त्याच्या परीनं हिशेब बरोबर केला होता.

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला मेलॉक्सिकॅम आणि डायक्लोफेनॅक दोन्ही नावं माहीत होती. चूक एवढीच की त्यानं दवाखान्याचं कार्ड पाहिलं, त्यावर गिधाडांना चालणारं औषध दिसलं आणि तो निश्चिंत झाला. कार्डावर चौथा दिवस लिहिलेला होता. सहावा-सातवा कुठल्याच कागदावर नव्हता.

कुपीत काय होतं

गिधाडांचं प्रकरण ठाऊक असलेल्यांनी हा भाग सोडून पुढं गेलं तरी चालेल, पण नागपुरात मला अजून असे सुशिक्षित लोक भेटतात जे मोबाइलच्या टॉवरनं गिधाडं गेली असं सांगतात.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना गिधाडं झाडांवर माना टाकून बसलेली, फांदीवरून खाली मरून पडलेली दिसू लागली. घरटी ओस पडत गेली. आधी सगळ्यांना साथीच्या रोगाचा संशय. विषाणू शोधण्यात वर्षं गेली. मेलेले पक्षी उघडले की हृदय, यकृत, मूत्रपिंड यांवर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर दिसायचा. तो युरिक ॲसिडचा. पक्ष्यांची मूत्रपिंडं बंद पडली की असं होतं. ती का बंद पडताहेत, हे अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून २००४ मध्ये दाखवलं. गुराढोरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफेनॅक. ते टोचल्यावर दोन-चार दिवसांत जनावर मेलं तर औषध मांसात, त्याहून जास्त यकृत-मूत्रपिंडात शिल्लक असतं. गिधाडाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरतं. पाच किलोच्या पक्ष्याला एक मिलिग्रॅम म्हणजे मरणच.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची मिळून घट जवळपास ९७ टक्के.

एवढं सगळं एका दुखण्याच्या औषधानं कसं होईल, अशी शंका येते. मलाही आली होती. तिचं उत्तर गिधाडाच्या जेवणाच्या रीतीत आहे. गिधाड एकटं जेवत नाही. उंच आकाशात ती एकमेकांपासून दूर घिरट्या घालत असतात, प्रत्येकाची नजर जमिनीवर आणि शेजाऱ्यावर. एकानं पंख आवळून खाली सूर मारला की शेजारी वळतो, त्याला बघून त्याच्या पलीकडचा. थोड्या वेळात मढ्यावर पंगत बसते आणि अर्ध्या तासात बैलाचा सांगाडा उरतो. म्हणून एका विषारी बैलामागे एक गिधाड मरत नाही, पंगतच्या पंगत मरते. अभ्यासकांनी गणित मांडलं होतं की दर साडेसातशे मढ्यांत एक ते फार तर दर एकशेतीसमध्ये एक एवढी विषारी मढी असली, तरी झालेली सगळी घसरण समजावून सांगता येते. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. गेलेलं भरून येत नाही.

सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आणली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही तीन मिलिलिटरची केली. हेतू हा की एवढ्या लहान कुप्या बैलासाठी फोडणं कोणाला परवडू नये. चांद्याच्या गोठ्यात पाच फोडल्या होत्या. २०२३ मध्ये एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही गिधाडांना तशीच घातक दुखण्याची औषधं जनावरांसाठी बंद झाली, पुढं निमेसुलाइडही. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड चालतं, ते तपासून पाहिलेलं आहे.

इथं मला स्वतःबद्दल लिहिणं भाग आहे. नव्वदच्या दशकात मी हे औषध शेकड्यानं जनावरांना टोचलं. पेटंट संपलेलं, स्वस्त, आणि गुण असा की सकाळी टोचावं नि संध्याकाळी ढोर उठून कडब्याला तोंड लावावं. शेतकरी खूश, आम्ही खूश. माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या गावाबाहेर, नाल्यापलीकडच्या अर्जुनाच्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी होती, आणि दवाखान्यात जाता-येता त्यांची विष्ठा सायकलवर पडते म्हणून मी शिव्या द्यायचो. ती कधी गेली ते मला सांगता येणार नाही. एखादं माणूस गेलं तर तारीख लक्षात राहते. इथं एक दिवस एवढंच जाणवलं की बऱ्याच दिवसांत सायकल पुसावी लागलेली नाही.

गोठ्यातली सभा

थोड्या वेळानं गोठ्यात दहा-बारा माणसं जमली. बैलाचं करायचं काय, यावर चार मतं होती. त्यातलं एकही मूर्खपणाचं नव्हतं.

मुलाचं मत बदललं होतं, पण पुरतं नाही. त्याचं म्हणणं, यकृत-मूत्रपिंड काढून पुरू आणि बाकीचं टेकडीवर टाकू, औषध त्यांतच जास्त असतं ना? प्रश्न बरा होता. पण जास्त तिथं असतं, फक्त तिथंच असतं असं नाही. सूज होती त्या पायाच्या आणि सुई टोचली त्या मानेच्या मांसाचा भरवसा कोण देणार? शिवाय शेवटचं इंजेक्शन टोचून अठ्ठेचाळीस तासही झाले नव्हते. मी नाही म्हटलं.

एका दुधवाल्याचं म्हणणं, इतका खर्च कशाला, नाल्यात सरकवा, पावसाचं पाणी नेईल. कुत्री खातील. हे सगळीकडे असंच चालतं आणि त्याचा हिशेब दुसऱ्याच खात्यात निघतो. गिधाडं गेल्यावर मढी सडत राहिली, पाणी नासलं, भटकी कुत्री वाढली, रेबीज वाढला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडं जिथं भरपूर होती त्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा माणसं मेली असा अंदाज दिला. मी तो आकडा तिथं सांगितला. दुधवाला म्हणाला, "साहेब, आमच्या गावचे किती?" मला उत्तर देता आलं नाही. पण गावात तेव्हा दोन पोरांना कुत्रं चावल्याच्या सुया चालू होत्या, ते दुसऱ्या कोणीतरी बोलून दाखवलं.

भाऊचं मत पहिल्यापासून एकच. पुरायचा.

"पोळ्याले याच्या पायावर पानी घातलं म्या साहेब. माह्या घरवालीनं पुरणाचा घास भरवला. त्याले का आता उघड्यावर फेकू? लचके तोडाले?"

लचके हा शब्द मराठीत गिधाडांचा म्हणूनच ठेवलेला आहे. गिधाडासारखे टपून बसलेत, असं आपण वारसदारांना म्हणतो, सावकाराला म्हणतो, निवडणुकीच्या सुमारास तर दररोज म्हणतो. घरावर गिधाड बसलं की अपशकुन. आणि त्याच गावातून दिसणाऱ्या रामटेकच्या गडावर राम आहे, ज्याच्या कथेत सीतेसाठी रावणाशी लढून पंख तुटलेला जटायू आहे. स्वतःच्या बापाला अग्नी देता न आलेल्या रामानं त्या पक्ष्याला बापाच्या जागी मानून अग्नी दिला. इगतपुरीजवळ टाकेदला सर्वतीर्थ आहे, ते जटायूच्या मोक्षाचं स्थान म्हणून लोक आजही तिथं जातात. हावरट माणसाला कोणी जटायू म्हणत नाही. पक्षी एकच, पण मढ्यावर बसला की गिधाड आणि पोथीत शिरला की जटायू.

मला स्वतःला जटायूपेक्षा त्याचा भाऊ संपाती जास्त खरा वाटतो. पंख जळालेला, डोंगरावर पडून राहिलेला म्हातारा, जो जागचा न हलता वानरांना सांगतो की समुद्रापलीकडे लंकेत सीता मला दिसते आहे. ज्यानं कोणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्यानं गिधाडं नीट पाहिलेली होती. आपल्याकडची गिधाडं वासावर येत नाहीत, नजरेवर येतात. मढ्यावर पालापाचोळा टाकून झाकलं तर ती वरून निघून जातील.

हे सगळं भाऊला सांगण्यात अर्थ नव्हता, सांगितलंही नाही. त्याचं उत्तर बरोबर होतं आणि कारण वेगळं होतं. मी त्याच्या बाजूनं बोललो, तेव्हा पोरानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गिधाडांना सोडून बैलाच्या पक्षात गेलो.

ओढणार कोण

चौथं मत मत नव्हतंच, ते एक वाक्य होतं. बैल गोठ्यातून बाहेर कसा काढायचा याची चर्चा सुरू झाली आणि कोणीतरी, फारसा विचार न करता, गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीकडे मान वळवली. तिथले एक सत्तरीचे काकाजी तिथंच उभे होते. ते शांतपणे म्हणाले,

"माह्या बापानं लय ओढले ढोरं. आम्ही सोडलं ते सोडलं. आता गिधाडं आले म्हून का आम्हाले पुन्हा बलावता?"

गोठा गप्प झाला.

गिधाडांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेख जिथं सुरुवात करतात त्याच्या आधीचं पान हे आहे. गावात जनावर मेलं की ते ओढून नेणं हे जातीनं ठरवलेलं काम होतं. महारांनी ओढायचं, कातडं काढलं जायचं, आणि उघडं झालेलं मांस गावाबाहेर गिधाडांना मिळायचं. कातडं काढलेलं जनावर गिधाडांना सोपं जातं, जाड चामडं फाडावं लागत नाही. म्हणजे गिधाडांची ती मोठमोठी पंगत माणसांवर लादलेल्या कामावर उभी होती. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा, असं १९२७ च्या महाडपासून सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी हाच विषय पुन्हा घेतला. ढोरं सोडलीत तर उत्पन्न बुडेल, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथं उत्तर दिलं. नागपूर जिल्ह्यातल्या काकाजींच्या पिढीला ही गोष्ट कोणी वाचून दाखवायला लागत नाही.

तेव्हा गिधाडांसाठी मढं टाकायचं म्हणजे कोणी टाकायचं, हा प्रश्न पक्षिप्रेमाच्या आधी येतो. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी उपाहारगृहं केली, तिथं मेलेली जनावरं नेऊन ठेवतात. कल्पना चांगली आहे, चाललीही आहे. पण ती नेणारी माणसं पगारावर, गाडीनं, हातमोजे घालून नेत असली पाहिजेत. गावानं मान वळवून दाखवलेली नकोत.

काकाजींच्या वाक्यानंतर भाऊनं स्वतःच दोरी आणली. मुलानं दुसरी बाजू धरली. शेजारच्या शेतात बांध घालायला आलेला जेसीबी मिळाला, त्याच्या बकेटला दोरी बांधून चांद्या बाहेर निघाला. काळ्या मातीत चार फुटांवरच पाणी लागलं, म्हणून शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड जागी, विहिरीपासून लांब, सहा फुटांवर खड्डा घेतला. मी चुना टाकायला सांगितला, भाऊनं शिवाय मिठाचं पोतं आणलं होतं, तेही पडलं. माती लोटायच्या आधी त्यानं शिंगाची बेगड काढून खिशात ठेवली.

मुलानं मला नंतर विचारलं की सर, मग गिधाडांसाठी आज आपण काय केलं? मी म्हटलं, एक पंगत मोडली. त्याला ते पटलं नाही. चोवीस वर्षांच्या मुलाला न केलेल्या गोष्टीचं समाधान वाटावं अशी अपेक्षा मीही ठेवत नाही.

वही

परत निघण्याआधी मुलगा, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, गावातला वनमजूर आणि मी असे चौघे बसलो. प्रश्न औषधाच्या ज्ञानाचा नव्हता. बंदी आहे हे त्या सुईवाल्यालाही माहीत असावं. प्रश्न असा की मेलेल्या जनावराच्या शेवटच्या दहा दिवसांचा हिशेब गावात कुठंच नसतो. सरकारी कार्डावर सरकारी सुई असते. बाकीच्या सुया मालकाच्या आठवणीत असतात, आणि त्या आठवणीतही औषधाचं नाव नसतं.

मी आधी सुचवलं की वही ठेवा, त्यात जनावर, तारीख, औषध आणि कोणी टोचलं ते लिहा. दूध केंद्रावरचा माणूस हसला. म्हणाला, टोचणाऱ्याचं नाव लिहायचं म्हटलं तर कोणी एक ओळही लिहिणार नाही. उद्या रात्री म्हैस अडली तर तोच धावत येतो, सरकारी गाडी नाही. तो बरोबर होता. माझ्या नोकरीच्या काळात असा दवाखाना मीही चालवला आहे, जिथं चार महिने जागा रिकामी होती आणि सगळा तालुका सुईवाल्यांवर तगला.

तेव्हा नाव काढून टाकलं. ठरलं ते असं की जनावराला काहीही टोचलं तर रिकामी कुपी किंवा बाटली दूध केंद्रावर आणून द्यायची. तिथला माणूस त्यावर चिकटपट्टीनं मालकाचं नाव आणि तारीख डकवून खोक्यात ठेवेल, आणि वहीत एक ओळ लिहील. बाटली कोणावर आरोप करत नाही, आणि वाचता न येणाऱ्यालाही ती आणता येते. दूध घालायला माणूस रोज तिथं येतोच. जनावर मेलं तर मुलानं आणि वनमजुरानं खोकं पाहायचं. मागच्या दहा दिवसांत काही दुखण्याचं औषध निघालं, ते कुठलंही असो, तर पुरायचं. काही नसलं, काळपुळीसारखा संशय नसला आणि मालकाची तयारी असली, तर वनखात्याला कळवून, ते म्हणतील त्या जागी. ओढायचं मालकानं, ट्रॅक्टरनं.

दहा दिवस हे मी मुद्दाम सैल धरले. डायक्लोफेनॅक आठवड्याभरात जनावराच्या अंगातून जवळपास निघून जातं. पण गावातला आठवडा कधी पाच दिवसांचा असतो, कधी नऊ.

औषध दुकानाचं काय, असं कोणी विचारेल. तालुक्याच्या ठिकाणचं ते दुकान मला माहीत आहे, मी तिथं गेलो, काउंटरवरच्या मुलाशी बोललो. त्यानं नम्रपणे सांगितलं की माणसांचं औषध आहे, माणसांसाठी विकतो, दहा कुप्या कोणी नेल्या तर त्याच्या घरी दहा जणांचे गुडघे दुखत असतील. यावर माझ्याकडे तोड नव्हती.

मार्गशीर्षातली म्हैस

खोक्यात पहिल्या महिन्यात सात बाटल्या आल्या. पैकी एक डायक्लोफेनॅकची होती, आणि ती आणून देणारा तोच भाऊ होता. गाईच्या कासेला सूज, पुन्हा तोच सुईवाला, पुन्हा त्याच कुप्या. गाय जगली. मी फोनवर चिडलो तेव्हा तो म्हणाला, "बाटली आनून देल्ली न जी." खरं होतं. वहीनं औषध थांबवलं नव्हतं, फक्त ते दिसायला लागलं होतं. त्या सुईवाल्याला मुलानं एक दिवस दूध केंद्रावर चहाला बसवलं आणि मेलॉक्सिकॅमची बाटली दाखवली. किंमत विचारून तो गेला.

मार्गशीर्षात एक म्हातारी म्हैस मेली. खोकं पाहिलं, तिच्या नावाची बाटली नव्हती. मालकाला दोनदा विचारलं, दवाखान्याचं कार्ड पाहिलं, सुईवाल्यालाही विचारलं. बावीस दिवसांत तिला काही टोचलेलं नव्हतं. वनखात्याच्या माणसानं जागा दाखवली, नाल्यापलीकडची उघडी टेकडी, वर वीज तारा नाहीत. तारांचं मी मुद्दाम विचारलं होतं. दोन मीटर पंखांच्या पक्ष्याला विजेच्या तारा विषाइतक्याच वाईट. मालकानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं म्हैस नेली. काकाजी बांधावर उभे राहून बघत होते. मी नमस्कार केला, त्यांनी हात वर केला.

पेंचच्या मध्य प्रदेशातल्या अंगाला रानातली गिधाडं अजून दिसतात, आणि पिंजोरहून आलेल्यांपैकी कोण कुठं गेलं ते यंत्राच्या ठिपक्यांवरून वनखात्याला कळतं. ताडोब्यात सोडलेलं एक तर तमिळनाडूपर्यंत गेलं होतं. तेव्हा आमच्या टेकडीवर कोणी येईल याची खात्री नव्हती. मुलगा मात्र सकाळी सहापासून काठी घेऊन कुत्री हाकलत बसला होता. मी अकराला पोचलो. गिधाडं सकाळी लवकर येत नाहीत, ऊन तापून जमिनीवरची हवा वर चढायला लागली की त्या हवेवर ती तोलत निघतात. हे त्याला माहीत होतं, तरी तो सहाला आला होता.

कावळे आले. बारा वाजता एक मुंगूस लांबून बघून गेलं. दोनच्या सुमारास पश्चिमेला, खूप वर, एक काळा ठिपका गोल फिरताना दिसला आणि मुलगा उठून उभा राहिला. मी चष्मा पुसला. त्यानं दुर्बीण लावली, बराच वेळ लावून ठेवली.

"शेपटीला खाच आहे सर," तो म्हणाला. "घार आहे."

घार खाली आली, म्हशीच्या डोळ्यावर चोच मारून गेली. चारला आम्ही खाली उतरलो. त्या रात्री कुत्र्यांपासून राखण करणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलानं हाडांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की दूध केंद्रावर खोकं भरलंय, दुसरं कुठून आणू.